मगरीब ते इशा

पालकसभा संपली, वर्ग रिकामा झाला, तरी चौथीतल्या एका मुलाची आई बाकावरून उठेना. दारात कुणी नाही हे पाहून तिने हळूच विचारलं, "टीचर, तुमच्या मुलीलाही शुगर आहे ना?"

आम्ही हो म्हटलं. तिच्या मुलाचं निदान होऊन दोन महिने झाले होते. "दिवसभर बरा असतो," ती म्हणाली, "पण संध्याकाळी काय होतं तेच कळत नाही. मगरीबला साठ, इशाला तीनशे. त्याचे अब्बू म्हणतात, तू लक्ष देत नाहीस. सासूबाई म्हणतात, पोराला सुया टोचून टोचून मारशील."

त्या दिवशी आम्ही तिच्याजवळ तासभर बसलो. तिला जे सांगितलं तेच या महिन्याच्या पानावर लिहीत आहोत. ज्या घरात असं मूल आहे त्यांना उपयोग होईल. ज्या घरात नाही, त्यांच्या शेजारी, नात्यात किंवा मकतबच्या चटईवर असं मूल असू शकतं.

आमची लेक सात वर्षांची असताना २०२१ च्या जानेवारीत तिला टाइप १ मधुमेह निघाला. आता तिला बारावं लागलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आम्हाला ती सगळ्यांनी विचारली: हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. आईने मिठाई दिली, बापाने लाड केले, गरोदरपणी काही खाल्लं, यातलं काहीही त्याचं कारण नाही. आजी-आजोबांच्या मधुमेहात गोळ्या चालतात, पथ्य चालतं. या मुलांना मात्र इन्सुलिनच लागतं, आणि रोज लागतं.

आता संध्याकाळीच घोटाळा का होतो? आमच्या घरातली एक संध्याकाळ सांगतो.

पाच वाजता शाळा सुटली. लेक घरी आली, चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली आणि खो-खोच्या सरावाला पळाली. मगरीबच्या अजानला परतली तेव्हा चेहरा पांढरा, हात थरथरत होते आणि बारीकसारीक गोष्टीवरून भावावर ओरडत होती. मीटरने ५८ दाखवले. आम्ही घाबरलो. आम्ही सरबत दिलं, तिच्या अब्बूंनी खजूर दिले, दादीने शिऱ्याची वाटी आणली. दहा मिनिटांत बरं वाटेना म्हणून पुन्हा सरबत. इशाला मीटर पाहिला तर ३१२. जेवणाचं इन्सुलिन दिलं. दहा वाजता पुन्हा पाहिलं तर २९० होतेच, म्हणून आणखी एक इंजेक्शन दिलं. रात्री दोनला ती घामाने भिजलेली होती, हाक मारली तरी नीट उत्तर देईना. ४७. पुन्हा साखर, पुन्हा धावपळ, आणि सकाळी २६०.

त्या सकाळी आम्ही तिच्यावर रागावलो. "काल काय खाल्लंस चोरून? खरं सांग." ती रडली नाही. शांतपणे म्हणाली, "अम्मी, मी काही घेतलं नाही. सगळं तुम्हीच दिलं होतं."

वीस वर्षं मुलांना शिकवत आहोत. चुकीचं उत्तर दिलं म्हणून मुलाला बोल लावण्याआधी आपला प्रश्न बरोबर होता का ते पाहावं, हे आम्ही नव्या शिक्षकांना सांगतो. घरात मात्र ते विसरलो होतो.

पुढच्या भेटीत आम्ही ते सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पंधरा दिवस फक्त लिहा. वेळ, मीटरचा आकडा, काय खाल्लं, किती खेळली, किती युनिट दिलं. पंधरा दिवसांनी वही घेऊन या." मास्तरांच्या घरात रजिस्टरला काय तोटा? आम्ही रकाने आखले. दहाव्या दिवशी आम्हालाच दिसायला लागलं की संध्याकाळ मनाला येईल तशी वागत नाही. तिला कारणं आहेत. आमच्या वहीत ती पाच निघाली.

पहिलं कारण खेळ. धावताना स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात, आणि खेळ थांबल्यावरही कित्येक तास ओढत राहतात. म्हणून खो-खोच्या दिवशी साखर दोनदा पडते: एकदा मैदानावर किंवा घरी येताच, आणि दुसऱ्यांदा मध्यरात्री, मूल झोपेत असताना. हे कळल्यावर खेळ बंद करायचा विचार आमच्या मनात आला होता. डॉक्टर म्हणाले, मुळीच नाही, खेळ हे तिचं औषध आहे, तयारी बदला. आता ती मैदानावर जाण्याआधी मीटर पाहते. १०० च्या आत असेल तर आधी एक केळं. २५० च्या वर असेल तर आधी लघवीतले कीटोन तपासायचे. ते असले तर त्या दिवशी खेळ नाही. सरावाच्या दिवशी रात्रीचं इन्सुलिन किती कमी करायचं हे डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, आणि त्या रात्री दोनचा गजर लावलेला असतो.

दुसरं कारण आमची घबराट. साखर ७० च्या खाली गेली की लगेच गोड द्यायचं, यात शंका नाही. पण किती? मुलांसाठी अंदाज असा की दर किलो वजनामागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज. आमची लेक ३४ किलोची, म्हणजे साधारण १० ग्रॅम. त्या रात्री आम्ही याच्या पाच-सहा पट तरी दिलं असेल. आता आम्ही औषधाच्या दुकानातली साधी ग्लुकोज पावडर आणतो आणि शेजारच्या सोनाराकडे काट्यावर दहा-दहा ग्रॅम तोलून पुड्या बांधतो. सोनार हसतो, पण एवढा अचूक काटा दुसऱ्या कुणाकडे नाही. एक पुडी पाण्यात ढवळून द्यायची आणि पंधरा मिनिटं थांबायचं. मग मीटर. अजून ७० च्या खालीच असेल तर दुसरी पुडी.

भगिनींनो, सगळ्यात अवघड भाग त्या पंधरा मिनिटांचा. समोर मूल थरथरत असतं, भूक लागली म्हणून रडत असतं, आणि आपण घड्याळ बघत बसायचं. पण पोटात गेलेली साखर रक्तात यायला तेवढा वेळ लागतोच. शिरा, चॉकलेट, दूध, बिस्किटं यांचा अशा वेळी उपयोग कमी, कारण त्यांतल्या तुपामुळे आणि स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. म्हणजे आता काम करत नाही आणि दोन तासांनी नको तेव्हा करते. आकडा वर आला आणि जेवण लांब असेल तर मग अर्धी चपाती द्यावी.

मूल बेशुद्ध झालं किंवा त्याला झटके आले तर तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, मधही नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा. घरी ग्लुकागॉन असेल आणि द्यायला शिकवलेलं असेल तर द्या, आणि थेट रुग्णालय गाठा.

तिसरं कारण इन्सुलिनवर इन्सुलिन. आमची लेक जेवणाआधी जे जलद इन्सुलिन घेते ते पंधरा मिनिटांत काम सुरू करतं, तासा-दीड तासात जोरात असतं आणि तीन-चार तास अंगात राहतं. म्हणजे नऊला दिलेलं इन्सुलिन दहा वाजता ऐन जोरात होतं. आकडा उतरायला अजून वेळ होता, पण आम्हाला धीर नव्हता. आम्ही दुसरं इंजेक्शन दिलं, आणि मध्यरात्री दोन्ही मिळून तिच्यावर कोसळली. आता नियम साधा आहे: आधीच्या जलद इंजेक्शनला तीन तास झाल्याशिवाय, डॉक्टरांना फोन केल्याविना, वरचं इंजेक्शन नाही. बऱ्याच घरांत स्वस्त पडतं म्हणून साधं रेग्युलर इन्सुलिन वापरतात. तेही चांगलंच आहे, पण त्याची चाल वेगळी. ते अर्धा तास आधी द्यावं लागतं आणि सहा ते आठ तास अंगात राहतं. आपल्या मुलाचं इन्सुलिन कधी सुरू होतं, कधी जोरात असतं आणि कधी संपतं, या तीन वेळा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर चिकटवा.

चौथं कारण बिर्याणी. जुम्याला आमच्याकडे बिर्याणी असते. त्या रात्री इशानंतर दोन तासांनी मीटर पाहिला की १४०, आणि आम्ही खूश. मग सकाळी २८०. लेकीवर संशय घेण्याचे निम्मे प्रसंग शनिवारच्या सकाळचे होते, हे वहीने दाखवलं. तूप आणि मांस पोटात जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे भाताची साखर तीन-चार तासांनी, कधी त्याहून उशिरा चढते. बिर्याणी आम्ही बंद केली नाही, फक्त दुपारी हलवली. घर जागं असताना साखर चढली तर दिसते आणि सांभाळता येते. रात्री साधी चपाती, डाळ, सालन. एका लहान चपातीत १५ ते २० ग्रॅम कर्बोदकं आणि शिजलेल्या भाताच्या मध्यम वाटीत २५ ते ३० ग्रॅम, एवढा हिशेब आता तिला तोंडपाठ आहे. आमच्या वर्गातल्या मुलांपेक्षा तिचे पाढे पक्के झाले ते यामुळेच.

पाचवं कारण तिचं वय. वाढीचे हार्मोन झोपेत जास्त स्रवतात आणि ते इन्सुलिनला जुमानत नाहीत. लहान मुलांत झोप लागल्यावर थोड्याच वेळात साखर चढते. मोठ्या मुलांत पहाटे. वयात येताना हा विरोध आणखी वाढतो. गेल्या वर्षी जो डोस पुरत होता तो यंदा पुरत नाही, आणि त्यात मुलीचा काही दोष नाही. जोड्याचं माप बदलतं तसं डोसचंही बदलतं.

आता काही बारीक गोष्टी. बारीक आहेत, पण यांनी मोठी घरं हादरली आहेत.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. ४० च्या सिरिंजमध्ये १०० ची बाटली भरली तर मुलाला अडीच पट इन्सुलिन जातं. दुकानदाराने घाईत काय हातात दिलं ते घरी येऊन नाही, दुकानातच बघा.

सुई रोज त्याच जागी टोचली तर तिथे गाठ येते. गाठीत टोचताना दुखत नाही, म्हणून मुलं तीच जागा पुढे करतात. पण तिथून इन्सुलिन कधी सावकाश तर कधी एकदम रक्तात जातं. आमच्या लेकीच्या डाव्या मांडीवर अशी गाठ होती आणि आम्हाला ती वर्षभर दिसली नव्हती. आठवड्यातून एकदा बोटांनी चाचपून बघा.

इन्सुलिन उन्हात आणि बर्फात दोन्हीकडे खराब होतं. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. आम्ही बाटल्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून मातीच्या ओल्या मडक्यात ठेवल्या. फ्रिज नसलेल्या घरांतही हे चालतं. वापरात असलेली बाटली थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा.

हे झालं शरीराचं. पण आमच्या संध्याकाळी फक्त शरीरामुळे बिघडत नव्हत्या. आम्ही हा आजार लपवत होतो. मुलीची जात, उद्या लग्न करायचं, लोकांना कशाला सांगायचं? हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं आणि आम्ही, शिकलेल्या लोकांनी, मान्य केलं.

मग नात्यातलं एक लग्न आलं. रात्रीचं जेवण नऊला वाढतील असं सांगितलं होतं. आम्ही पावणेनऊला लेकीला न्हाणीघरात नेलं, दार लावून इंजेक्शन दिलं आणि पंगतीत आणून बसवलं. वऱ्हाड आलंच नव्हतं. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. अंगात इन्सुलिन, पोट रिकामं, आणि तिला सांगितलेलं, की कुणासमोर काही बोलायचं नाही. ती बोललीही नाही. मामीच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. मामीला वाटलं, पोरीला झोप आली. आम्ही पोहोचलो तेव्हा तिचे ओठ थंडगार होते आणि ती आम्हाला "टीचर" म्हणत होती. अल्लाहची मेहरबानी की पर्समध्ये पुडी होती आणि तिला अजून गिळता येत होतं.

त्या रात्री घरी परतताना तिच्या अब्बूंनी एवढंच म्हटलं, "लग्नासाठी मुलगी जिवंत लागते."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सांगायला सुरुवात केली. आधी मामींना, मग वर्गशिक्षिकेला, खो-खोच्या सरांना, मकतबच्या हाफिज साहेबांना. हाफिज साहेबांची आम्हाला जास्त धास्ती होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन पुड्या मागून घेतल्या आणि कपाटात चावीच्या खिळ्याला लावून ठेवल्या. म्हणाले, "सबक चुकायला लागली की मी रागवायचो. आता आधी तिला मीटर बघायला सांगेन." दादीलाही आम्ही कामच दिलं: दोनचा गजर तिच्या उशाशी. तहज्जुदला ती उठतेच. आता ती नातीचं बोट हळूच धरते, आकडा बघते आणि आम्हाला गरज असेल तरच उठवते. शिऱ्याची वाटी बंद झाली असं नाही. ती जेवणाबरोबर, मोजून येते.

काही नातलग अजून काढे, कारली, झाडपाला सुचवतात. दुआ जरूर करावी, आम्हीही करतो. पण इन्सुलिन थांबवून नाही. इन्सुलिन मिळण्याआधी ही मुलं काही महिन्यांतच, फार तर दोन-चार वर्षांत जात असत. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरंटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं आणि मरणाच्या दारातला तो मुलगा सावरला. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आजही इन्सुलिन बंद केलं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचायला लागतं. उलट्या, पोटदुखी, खोल धापा, ही त्याची लक्षणं. तशी दिसली तर क्षणभरही घरी थांबू नये.

रमजानबद्दल त्या भगिनीनेही विचारलं. आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे, आणि टाइप १ असलेल्या मुलाला उपवासात मोठा धोका असतो. आमची लेक मागच्या वर्षी खूप रडली. तिच्या मैत्रिणींचे रोजे सुरू झाले होते. आम्ही डॉक्टरांना आणि हाफिज साहेबांना, दोघांनाही तिच्यासमोरच विचारलं, म्हणजे "अम्मीने अडवलं" असं मनात राहू नये. दोघांचं उत्तर एकच आलं. आता इफ्तारचा दस्तरखान ती मांडते. प्रत्येकाच्या ताटलीत खजूर ठेवणं हे तिचं काम. स्वतःच्या ताटलीत एक लहान खजूर, ज्यात पाच-सहा ग्रॅम साखर असते, आणि त्याचा हिशेब तिने आधीच केलेला असतो.

हे सगळं करूनही आमच्या संध्याकाळी सरळ रेषेत जात नाहीत. गेल्याच मंगळवारी इशाला २४० होते आणि कारण सापडलं नाही. वहीत लिहिलं, आणि झोपलो. एका आकड्यावरून मुलावर संशय घ्यायचा नाही आणि एका आकड्यावरून डोस बदलायचा नाही. तीन-चार दिवस तीच गोष्ट त्याच वेळी घडली तर वही डॉक्टरांना दाखवायची. इथे लिहिलेले आकडे आमच्या लेकीचे आहेत. तुमच्या मुलाचे डोस त्याचे डॉक्टरच ठरवतील.

त्या भगिनीला आम्ही एक कोरी वही आणि चार पुड्या दिल्या. परवा ती शाळेच्या फाटकाशी भेटली, सोबत मुलाचे अब्बू होते. वही त्यांच्या हातात होती. म्हणाले, "टीचर, बुधवारी आणि शनिवारी पडते. त्या दिवशी हा क्रिकेट खेळतो." त्यांचे रकाने आमच्यापेक्षा नीट आखलेले होते. फाटकातून बाहेर पडता पडता मुलाने खिशातली पुडी काढून आम्हाला दाखवली आणि परत नीट ठेवली.

परीक्षेच्या दिवसांत, विशेषतः पेपरच्या तीन तासांत या मुलांची काळजी शाळेने कशी घ्यावी, ते पुढच्या महिन्यात पाहू.